कानाची पुस्तके, डोळ्यांची पुस्तके: उन्हाळ्याच्या सुट्टीतील ऐकण्या-वाचण्याचे नियोजन

एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या घरी दोन याद्या होतात. एक वाळवणाची: कुरडया किती किलोच्या, पापड उडदाचे की नाचणीचे, सांडगे यंदा करायचे की नाहीत. दुसरी पुस्तकांची. पूर्वी ही दुसरी यादी म्हणजे ग्रंथालयातून आणायच्या आणि सुट्टीत वाचून संपवायच्या पुस्तकांची यादी असे. गेल्या काही वर्षांत तिच्यात ऑडिओबुकांची भर पडली आणि सुरुवातीचे दोन उन्हाळे नुसता गोंधळ झाला. नवीन काही आले की ते ऐकायला घ्यायचे, कंटाळा आला की दुसरे लावायचे, मध्येच कोणी शिफारस केली की तिसरे. असे करता करता जून उजाडेपर्यंत दहा पुस्तके सुरू झालेली आणि दोनच पूर्ण झालेली असत. तेव्हापासून मी यादी करतानाच प्रत्येक पुस्तकासमोर ‘कान’ किंवा ‘डोळे’ असा एक शब्द लिहू लागले. हा शब्द नीट विचार करून लिहिला की पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक कानाचे की डोळ्यांचे?

ऐकण्याची सवय मराठी माणसाला नवीन नाही. माझी आजी चातुर्मासात शेजारच्या वाड्यात पोथी ऐकायला जाई तेव्हा तिच्या मांडीवर कापूस असे. एक जण वाचत असे आणि बाकीच्या साऱ्याजणी वाती वळत ऐकत असत. हात कामात आणि कान पोथीत, ही सोय तेव्हाही होती. कीर्तन आहे, कथाकथन आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी होत असे, ती लोक कथा छापील वाचू शकत नव्हते म्हणून नव्हे, तर ती कथा सांगितली जाताना काही वेगळीच होत असे म्हणून. २०१७ मध्ये स्टोरीटेल या ऑडिओबुके ऐकवणाऱ्या ॲपने भारतात मराठीसह सेवा सुरू केली आणि त्यानंतर मराठी ऑडिओबुके सहज मिळू लागली, तेव्हा ही जुनीच सवय नव्या उपकरणात शिरली, इतकेच.

म्हणून कानासाठी पुस्तक निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की या पुस्तकात कोणी तरी बोलते आहे का. आत्मकथने, आठवणी, प्रवासवर्णने, विनोदी कथा, ग्रामीण कथा, संवादांनी भरलेल्या कादंबऱ्या आणि पत्ररूप लेखन यांत एक बोलणारा माणूस असतो, आणि अशी पुस्तके ऐकताना अधिक जिवंत होतात. अलीकडे थेट ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मराठी मालिकाही निघतात. त्यांची प्रकरणे छोटी असतात आणि ज्याने यापूर्वी काहीच ऐकलेले नाही त्याने तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही. याउलट तळटिपा, नकाशे, वंशावळी, तक्ते किंवा सनावळ्या असलेला इतिहास, समीक्षा, तत्त्वचिंतन आणि मागे जाऊन एखादे वाक्य पुन्हा वाचावे लागते असे सर्व लेखन डोळ्यांसाठी ठेवावे. ऐकताना मागे जाता येत नाही असे नाही, पण पाने चाळून ‘ते कुठे तरी उजव्या बाजूला वर होते’ असे शोधण्याची सोय कानाला नाही. रहस्यकथेच्या बाबतीत मी अजूनही द्विधा आहे. ती ऐकताना रंगते हे खरे, पण तिसऱ्या प्रकरणातील एक साधे वाक्य कुकरच्या शिटीत हरवले तर शेवटचा उलगडा फिका पडतो.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पुस्तक मध्येच कुठे तरी उघडावे आणि एक पान घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने ‘हा कोण?’ किंवा ‘पुन्हा वाच’ असे दोनपेक्षा अधिक वेळा म्हटले, तर ते पुस्तक डोळ्यांचे समजावे. बहुतेक पुस्तकांचा निकाल या एका पानात लागतो. मोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र दोन्ही बाजूंना बसतात. त्या ऐकायच्याच असतील तर छापील प्रत ग्रंथालयातून आणून जवळ ठेवावी आणि पात्रांची नावे व नाती एका कागदावर लिहून तो कागद तिच्यात घालून ठेवावा.

आवाजाची पारख

छापील पुस्तक घेताना आपण लेखक पाहतो. ऑडिओबुक घेताना लेखकाइतकाच वाचक, म्हणजे ते वाचून दाखवणारा माणूस, पाहावा लागतो, कारण पुढचे आठ-दहा तास आपण त्या माणसाच्या सहवासात काढणार असतो. बहुतेक ठिकाणी चार-पाच मिनिटांचा नमुना विनामूल्य ऐकायला मिळतो. तो बसून, शांतपणे ऐकू नये. ज्या कामाच्या वेळी पुस्तक ऐकायचे आहे ते काम करता करताच ऐकावा. भांडी घासताना ऐकायचे पुस्तक नळाच्या आवाजातही कळले पाहिजे.

मराठीत आवाज पारखण्याची एक खूण मला फार उपयोगी पडते. ‘जग’ हा शब्द घ्यावा. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘तू जग’ यातील ‘जग’ हे लिहिताना सारखेच दिसतात. उच्चार मात्र वेगळे आहेत, पहिल्यातला ‘ज’ ‘जीवन’ मधला आणि दुसऱ्यातला ‘जावई’ मधला. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ असेच दोन आहेत. मराठीत वाढलेला माणूस हा भेद न शिकता करतो. ज्या वाचनात हे दोन उच्चार एक होतात, ‘संवाद’ आणि ‘सिंह’ यांतील अनुस्वार अक्षराबरहुकूम ठोकळ्यासारखे उमटतात आणि प्रत्येक वाक्य एकाच उतारावर संपते, ते वाचन बहुधा यंत्राने केलेले असते. यंत्राच्या आवाजातील पुस्तके आता बरीच दिसतात. माहितीपर लेख ऐकण्यापुरता तो आवाज चालून जातो, पण कथा-कादंबरीसाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकाच्या माहितीत वाचकाचे नावच दिलेले नसेल तर अधिक सावध व्हावे आणि नमुना दोनदा ऐकावा.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोल्हापुरी वळणाचे संवाद असलेले पुस्तक ज्याने वाचले आहे त्याला ती बोली खरोखर येते का, हे नमुन्यात संवाद आला तर लगेच कळते. न येणारी बोली ओढूनताणून काढणाऱ्या वाचकापेक्षा, ते संवाद साध्या स्वरात पण समजून वाचणारा वाचक कितीतरी बरा. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढणाऱ्यांचेही तेच. पहिल्या अर्ध्या तासात ते मनोरंजक वाटते, पण पाचव्या तासाला म्हातारीचा कापरा आवाज ऐकवत नाही.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी आवर्जून वाचाव्यात. पहिली म्हणजे ‘संक्षिप्त’ हा शब्द. मी एकदा आवडत्या कादंबरीचे ध्वनिरूप घाईघाईने घेतले आणि ते अवघ्या तीन तासांत संपले तेव्हा लक्षात आले की निम्म्याहून अधिक पुस्तक त्यात नाहीच. ती माहिती पानावर दिलेली होती, मी वाचली नव्हती. दुसरी म्हणजे पुस्तकाची लांबी तासांत किती आहे ती. छापील पुस्तकाची पाने आणि ध्वनिरूपाचे तास यांचा मेळ घालून पाहिला की संक्षेप झाला आहे की नाही हेही कळते.

तासांचा हिशेब

हा हिशेब स्वतः करावा. घड्याळ लावून एक भरलेले पान नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचावे. माझे साधारण कादंबरीचे एक पान दोन मिनिटांत होते. म्हणजे तीनशे पानांच्या पुस्तकाला सहाशे मिनिटे, अर्थात दहा तास लागतात. दिवसाला चाळीस मिनिटे ऐकणे जमले तर हे पुस्तक पंधरा दिवस चालेल. सुट्टीचे सहा आठवडे धरले, तर अशी तीनसुद्धा पुस्तके पुरी होत नाहीत. यादीत वीस ऑडिओबुके लिहून ठेवणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, म्हणजे यादी आपोआप लहान होते.

गती वाढवली तर दिवस वाचतात. सव्वापट गतीने दहा तासांचे पुस्तक आठ तासांत होते आणि पंधराऐवजी बारा दिवस लागतात. संथ वाचकाच्या माहितीपर पुस्तकाला सव्वापट गती शोभूनही दिसते. त्यापुढे मात्र जाऊ नये, निदान ललित पुस्तकांत तरी नाही. चांगला वाचक दोन वाक्यांच्या मध्ये थांबतो तो विनाकारण थांबत नाही. एखादे पात्र उत्तर द्यायला वेळ घेते, तेव्हा तो वेळही पुस्तकाचा भाग असतो. दीडपट गतीने पहिल्यांदा तोच कापला जातो आणि मग पुस्तक ‘झाले’ असे म्हणता येते, पण त्यातले काय लागले हे सांगता येत नाही.

वर्गणीचाही याच हिशेबात विचार करावा. दरमहा पैसे भरून हवे तितके ऐकण्याची सोय आणि एकेक पुस्तक विकत घेण्याची सोय, असे दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत. जो वर्षभर महिन्याला एखादेच पुस्तक ऐकतो त्यानेही मे आणि जून या दोन महिन्यांपुरती वर्गणी घेतली तर ती वसूल होते, मात्र आपोआप नूतनीकरण होण्याची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

प्रत्येक पुस्तकाला एक काम नेमून द्यावे

ऐकणे अर्धवट राहते ते बहुधा पुस्तक वाईट असल्यामुळे नाही, तर त्याला जागा नसल्यामुळे. ‘वेळ मिळेल तेव्हा ऐकू’ असे म्हटलेले पुस्तक संपत नाही. म्हणून यादीतील प्रत्येक कानाच्या पुस्तकासमोर मी एक काम लिहिते: हे सकाळच्या फिरण्याचे, हे स्वयंपाकाचे, हे प्रवासाचे. आणि ते पुस्तक त्या कामाव्यतिरिक्त लावायचे नाही, असा नियम पाळते. त्याचा एक लाभ असा की कामच पुस्तकाची आठवण करून देते. दुसरा असा की मागे काय घडले ते जागेबरोबर लक्षात राहते. एका कादंबरीतील नायिकेच्या घरी पत्र येते तो प्रसंग मला आजही आमच्या कॉलनीतील गुलमोहराच्या वळणाशीच आठवतो.

काम निवडताना हात गुंतलेले आणि भाषा मोकळी असावी, एवढे पाहावे. चालणे, निवडणे, सोलणे, इस्त्री, झाडांना पाणी घालणे ही सारी कामे चालतात. हिशेब, संदेशांना उत्तरे देणे किंवा मुलांचा अभ्यास घेणे यांबरोबर पुस्तक ऐकता येत नाही, कारण दोन्हीकडे शब्दच लागतात. दुचाकी चालवताना कानात इयरफोन घालू नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण रस्त्यावर जे दिसते त्यावरून ती गरज आहे.

उन्हाळ्यातील सर्वांत उत्तम ऐकणे मला कुरडयांच्या दिवशी मिळते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक रात्रभर निवळून वरचे पाणी ओतून टाकलेले असते, पहाटे पाचला तो शिजायला लागतो आणि सहा वाजता आम्ही चौघीजणी सोऱ्या घेऊन गच्चीवर असतो. ऊन तापण्यापूर्वीचे ते दोन-अडीच तास कोणालाही जागेवरून हलता येत नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने कादंबरी लावली आणि तीन चुका एकदम झाल्या. प्रकरण संपल्यावर पुढचे आपोआप सुरू होण्याची सोय बंद होती, त्यामुळे दर वीस मिनिटांनी चिकाने माखलेले हात धुऊन मोबाईलकडे धावावे लागले. मध्ये दोनदा फोन आला. आणि कठड्यावर ठेवलेला मोबाईल आठच्या उन्हाने इतका तापला की तो स्वतःहूनच बंद पडला. आता आदल्या रात्रीच पुस्तक उतरवून ठेवते, प्रकरणे सलग चालू राहतील अशी व्यवस्था करते, ‘व्यत्यय नको’ हा पर्याय सुरू करते आणि मोबाईल पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवून छोट्या स्पीकरवर ऐकवते. त्या दिवसासाठी कादंबरी न निवडता कथासंग्रह निवडते, कारण कोणी चहा करायला खाली जाते, कोणी उशिरा येते, आणि प्रत्येकीला सुरुवात व शेवट असलेली निदान एक कथा तरी मिळाली पाहिजे. गेल्या वर्षी एका कथेच्या शेवटी माझ्या मावशीने सोऱ्या तसाच हातात धरून ठेवला आणि ‘थांब, लगेच दुसरी लावू नकोस’ असे म्हणाली. एकत्र ऐकताना दोन कथांच्या मध्ये असे थांबावे. कुरडया तेवढ्यात बिघडत नाहीत.

रात्री झोपताना ऐकणाऱ्यांनी ठरावीक मिनिटांनी पुस्तक थांबवणारा स्लीप टायमर पंधरा मिनिटांवर लावावा, तीसवर नाही. तीसवर लावला की बहुतेकांची शेवटची पंधरा मिनिटे झोपेत जातात आणि दुसऱ्या दिवशी कुठून ऐकायचे ते शोधण्यातच उत्साह संपतो. झोपेसाठी पूर्वी वाचलेले, कथानक माहीत असलेले पुस्तक सर्वांत सोयीचे.

प्रवासापूर्वीची तयारी

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी पुस्तके घरीच उतरवून घ्यावीत. कोकण रेल्वेने रत्नागिरीच्या अलीकडे उक्शी सोडले की सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, आणि तो तर फक्त सर्वांत लांब. त्यापूर्वी आणि त्यानंतर बोगद्यांची रांगच आहे. घाटात, कापलेल्या दरडींमध्ये आणि बोगद्यांत मोबाईलचे नेटवर्क येत-जात राहते, त्यामुळे थेट इंटरनेटवरून चालणारे पुस्तक नेमके रंगात आले की तुटते. जागेची चिंता करण्याचे कारण नाही. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएस दर्जात साठवला तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचे पुस्तक तीनशे एमबीच्या आतच बसते. काही मिनिटांच्या एखाद्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओलाही इतकी जागा लागते. उतरवून झाल्यावर मोबाईल विमान-मोडवर टाकून पुस्तक खरोखर चालते का, हे घरीच एकदा तपासावे. मी ते न तपासता निघाले होते आणि पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तेवढे उतरले आहे, हे पनवेलनंतर कळले.

प्रवासात गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत आणि मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज तितकेच तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. आज अनेक मोबाईलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवण्याची सोय असते. मुलांच्या हाती उपकरण देण्यापूर्वी ती वापरावी. कानात नीट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इयरफोन असले की कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते.

दुपार डोळ्यांची

डोळ्यांच्या पुस्तकांसाठी उन्हाळ्याइतका चांगला ऋतू नाही, कारण दुपारी बारा ते चार बाहेर जाता येत नाही. या चार तासांतील एक तास कागदाच्या पुस्तकाला द्यावा आणि त्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. ऐकण्याची सवय वाढली की वाचनाचा हा तास पहिल्यांदा कमी होतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे. ऐकणे वाचनाला पूरक आहे, पण वाक्य डोळ्यांसमोर थांबवून त्याच्याकडे पाहत बसण्याची सवय मोडली तर ती सहजी परत येत नाही, म्हणून या तासाच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही.

सुट्टीसाठी एक जाड आणि दोन पातळ पुस्तके एवढेच ठरवावे. जाड पुस्तक असे असावे की जे इतर वेळी हाती घेण्याचे धाडस होत नाही. पातळ पुस्तके त्यातून विसावा घेण्यासाठी. ग्रंथालयात एप्रिल अखेरीसच जावे, कारण सुट्टी लागताच बालविभाग आणि कादंबऱ्यांची कपाटे रिकामी होतात. परतीची तारीख सुट्टीच्या मध्ये येत असेल तर मुदतवाढ कशी मिळते तेही तेव्हाच विचारून घ्यावे. गावी जाणाऱ्यांनी तेथील वाचनालयाचीही चौकशी करावी. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळणारी वाचनालये लहान लहान गावांतही आहेत, आणि त्यांच्या कपाटांत शहरातील दुकानांतून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तके असतात. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांसाठी भिलार आहेच. मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि ती तेथे बसून वाचता येतात. तेथे अर्ध्या तासाची धावती भेट देण्यात अर्थ नाही. एक घर निवडावे आणि दुपार तेथेच काढावी.

मुलांसाठी बेचाळीस रात्री

मुलांच्या सुट्टीसाठी मी सुचवीन ती योजना फारशी खर्चाची नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची रचनाच ऐकण्यासाठी झालेली आहे. आश्रमात सायंप्रार्थना झाली की श्याम आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो आणि पुस्तकातील प्रकरणांनाही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावे आहेत. अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत. १ मे रोजी सुरुवात करून रोज एकच रात्र ऐकली किंवा वाचली, तर बेचाळिसावी रात्र ११ जूनला येते. ११ जून १९५० हा साने गुरुजींच्या निधनाचा दिवस. हा योग मला बोटांवर दिवस मोजताना सापडला, आणि तेव्हापासून आमच्या घरी सुरुवात १ मेलाच होते.

या पुस्तकाचे ध्वनिरूप लावता येते, पण येथे मी घरातील आवाजाला प्राधान्य देईन. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे हे पुस्तक २०११ पासून सर्वांसाठी मुक्त आहे आणि आजीने ते वाचून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करण्यास कोणतीच अडचण नाही. माझ्या आईने बंगळुरूच्या नातवंडांसाठी असेच केले. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर घडी घातलेल्या रजईवर, आणि वाचताना चूक झाली तर न थांबता ते वाक्य पुन्हा वाचायचे, एवढीच पथ्ये. मागे कोकिळेचा आवाज येतो आणि एका रात्रीत दूधवाल्याची घंटाही आहे. मुलांना तेच भाग अधिक आवडतात. ज्या लेखकांचे हक्क अद्याप चालू आहेत त्यांची पुस्तके मात्र अशी ध्वनिमुद्रित करून गटागटांत पाठवू नयेत. ज्यांच्या लेखनावर आपले प्रेम आहे त्यांच्याच उत्पन्नावर तो घाला असतो.

ज्येष्ठांसाठी निवड करताना पुस्तकाइतकाच उपकरणाचा विचार करावा. त्यांना नवे ॲप शिकवण्यात सुट्टी घालवण्यापेक्षा, मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर एकच मोठे चिन्ह ठेवून ते दाबताच पुस्तक जेथे थांबले होते तेथून सुरू होईल अशी व्यवस्था करून द्यावी. गती नेहमीपेक्षा थोडी कमी, म्हणजे पाऊणपट ते नव्वद टक्के, केली तर ऐकू कमी येणाऱ्यांनाही शब्द सुटे कळतात. ज्यांना दृष्टिदोषामुळे छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे; त्याची नोंदणी सुट्टीत घरातील तरुण मंडळींनी करून दिली तर वर्षभराची सोय होते.

वही आणि जून

ऐकलेले लवकर विसरते, अशी तक्रार अनेकजण करतात आणि ती खोटी नाही. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. ऐकून झाल्यावर त्या दिवशीच्या भागातील एक ओळ, एक प्रसंग किंवा एक नवा शब्द वहीत लिहावा, त्याहून अधिक नाही. एका उन्हाळ्यात माझ्या वहीत असे तीसेक शब्द जमले, त्यांत ‘आगोट’ होता, पावसाळ्यापूर्वी घरात जे साठवून ठेवायचे त्याची तयारी या अर्थाचा. तो शब्द आता आमच्या पुस्तकांच्या यादीचे शीर्षक झाला आहे. ऑडिओबुकात जागेवर खूण करण्याची सोय असते, ती वापरावी, पण खुणांकडे पुन्हा कोणी वळत नाही, वहीकडे वळते.

दर रविवारी यादी पाहावी. दोन रविवार जे पुस्तक पुढे सरकलेले नाही ते बंद करावे किंवा त्याच्यासमोरचा शब्द बदलून पाहावा. मला कानाने कंटाळवाणे वाटलेले एक आत्मचरित्र कागदावर घेतल्यावर चार दुपारींत संपले. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवे काही सुरू करू नये. अर्धवट ऐकलेल्या पुस्तकात कोणत्या प्रकरणावर थांबलो ते लिहून ठेवावे, वर्गणी चालू ठेवायची की नाही ते ठरवावे, आणि ग्रंथालयाची पुस्तके पहिल्या पावसाच्या आधी, नाहीच जमले तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, परत करून यावीत.